डोहाळ्यांचं चायनीज

“चायनीज,” हर्षदा म्हणाली, आणि तव्यावर टाकायला उचललेली भाकरी माझ्या हातातच राहिली.

माझी ही सून ओट्याशेजारी खाली बसून मेथी निवडत होती. पाचवा महिना लागला होता. डोहाळे कसले लागलेत, काय खावंसं वाटतंय, हे मी तिला येता-जाता विचारत होते आणि ती दर वेळी हसून टाळत होती. त्या दिवशी मी धरूनच बसले. चिंच आणू? चालेल. आवळे? चालेल. पुरणपोळी करू? चालेल. ज्या बाईला सगळंच चालतं तिला काहीच नको असतं, एवढं मला कळत होतं. शेवटी मी म्हटलं, “हे बघ, आता चालेल म्हणू नकोस. एक नाव घे. नाव घेतल्याशिवाय आज तुला उठू देत नाही मी.” तिने खिडकीबाहेर बघितलं, थोडा विचार केला आणि ते नाव घेतलं.

ही वीस-एक वर्षांपूर्वीची गोष्ट. तासगावात तेव्हा चायनीजची एकुलती एक गाडी होती, एस.टी. स्टँडच्या कोपऱ्यावर. लालभडक रंग, त्यावर शेपटी पिळवटलेला एक प्राणी, आणि मागून वाहणारं गटार. संध्याकाळी त्या गाडीवर जाळ उठायचा आणि कॉलेजची पोरं तो बघायलाच जास्त जमायची. आमच्या घरात त्यातलं काही आजवर कुणी खाल्लं नव्हतं. मी स्वतः चायनीज म्हणजे चीनमधल्या लोकांची काहीतरी उकड असावी अशा समजुतीत होते.

माझा मुलगा रणजित त्या संध्याकाळी मिरजेहून कामावरून आला तेव्हा त्याला मी ही बातमी दिली. तो लगेच पिशवी घेऊन गाडीवर निघाला. मी त्याला दारातच अडवलं. पोटुशी बाई गटारावरचं खाणार नाही, हे मी त्याला बजावलं, आणि डोहाळेही राहणार नाहीत, हेही बजावलं. डोहाळे राहिले की बाळाची लाळ गळते. आमच्याकडे हे लहान पोरसुद्धा सांगेल. शेंबडं-लाळेरं नातवंड मांडीवर घेऊन मला गल्लीत मिरवायचं नव्हतं.

“मग करणार कोण?” रणजितने विचारलं.

“मी,” मी म्हटलं.

आतल्या खोलीतून ह्यांचा आवाज आला. हे एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. जन्मभर स्टँडच्या भोंग्यातून गाड्या पुकारल्यामुळे घरातही त्याच सुरात बोलायचे. “प्रवाशांनी लक्ष द्यावं. तासगावहून चीनला जाणारी गाडी शालनबाईंच्या स्वयंपाकघरातून सुटत आहे.”

माझ्या हाताला चव आहे हे साऱ्या गल्लीला माहीत होतं. विशेषतः चटणी. आमच्याकडे चटणी म्हणजे कांदा-लसूण चटणी, वर्षाची. उन्हाळ्यात मिरच्या वाळवायच्या, खडा मसाला तळायचा, कांदा-खोबरं भाजायचं आणि सगळं डंकावर कुटून आणून बरणीत दाबून भरायचं. माझी चटणी पुण्या-मुंबईपर्यंत डब्यांतून जायची. माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायची घरात कुणाची प्राज्ञा नव्हती. एकदा माझ्या नणंदेने आमटी पचपचीत झाल्याचं म्हटलं होतं, तर तिला मी पुढची चार वर्षं आमटी वाढली नाही.

हर्षदाचं मात्र तसं काही नव्हतं. ती मुळी नावंच ठेवायची नाही. तिची आई ती लहान असताना गेली. वडील पाटबंधारे खात्यात, सारख्या बदल्या, म्हणून पोर होस्टेलांत वाढली. लग्न होऊन आली त्या दिवशी मी तिला बाजरीची भाकरी, चटणी आणि वर तेलाची धार असं वाढलं, तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पुण्याच्या पोरीला झेपली नाही असं मी समजले. दिवस राहिल्याचं कळलं त्याच दिवशी चटणीची बरणी मी तिच्या ताटापासून लांब नेली. खडा मसाला उष्ण, त्या दिवसांत नको. ती त्यालाही चालेल म्हणाली होती.

तर चायनीज शिकायला मी शेजारच्या गुरववहिनींकडे गेले. महिला मंडळात ‘घरच्या घरी हॉटेलसारखं चायनीज’ असा वर्ग झाला होता आणि त्या त्याला गेल्या होत्या. वहिनींनी मला ओसरीवर बसवून शिकवलं, पण त्यांनाच निम्मं आठवत नव्हतं. सगळी करामत सॉसमध्ये आहे, असं त्या म्हणाल्या. सोया सॉस, व्हिनेगर, मिरचीचा सॉस, साखर, आणि दाट व्हायला पाण्यात कालवलेलं एक पांढरं पीठ. हे सगळं आधी वाटीत तयार ठेवायचं, मग भाज्या परतायच्या आणि शेवटी सॉस ओतायचा. पीठ कसलं, ते त्यांना आठवेना. मी म्हटलं, पीठ ते पीठ.

सोया सॉस आणि व्हिनेगर ह्यांनी सांगलीहून येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरकडून मागवून घेतलं. सोयाची बाटली उघडून मी वास घेतला. दिसायला अगदी काकवी, म्हणून बोट बुडवून चाटलं, तर नुसतं मीठ. तरी मी सवयीने भाजीत मीठ घातलंच. पीठ म्हणून तांदळाचं घातलं, थोडं बेसन घातलं, आणि हात थांबेना म्हणून मोहरी-हिंगाची फोडणीही दिली. जे झालं ते काळं पिठलं होतं. ह्यांनी ताटाकडे बघितलं आणि फार दिवसांनी स्वतःहून पाण्याचा तांब्या भरून घेतला. हर्षदाने दोन घास खाल्ले.

“कसं झालंय?” मी विचारलं.

“चालेल,” ती म्हणाली.

दुसऱ्या वेळी वहिनींना पिठाचं नाव आठवलं होतं. कॉर्नफ्लोर आणलं, मीठ आवरलं, फोडणीवरही मन मारलं. गाडीवर भाज्या कचकचीत राहतात असं रणजित सांगत होता. माझ्या भाज्या मऊ पडल्या, कारण मी कोबी-गाजर कढईत टाकून वर ताट झाकलं, ताटात पाणी ओतलं आणि चांगली वाफ काढली. जन्मभर भाजीला वाफ काढलेला हात, तो त्या दिवशी बरा ऐकेल. कोबी शिजून गाळ झाला. सॉस मात्र बरा दिसत होता, तकतकीत. हर्षदाने पुन्हा दोन-तीन घास खाल्ले आणि उरलेलं ताटाच्या कडेला नीट गोळा करून ठेवलं. होस्टेलमध्ये अन्न टाकलं की ओरडत असतील. ती टाकायची नाही आणि खायचीही नाही, तिचं ताट नुसतं सारवलेलं दिसायचं.

मी हसण्यावारी नेत होते, पण घाबरले होते. चायनीजच काय, ती काहीच खात नव्हती. गालाची हाडं वर आली होती. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी वजनाचा काटा बघून माझ्याकडे बघितलं. जे आवडेल ते खाऊ दे, पण खाऊ दे, एवढंच त्या म्हणाल्या. त्याच आठवड्यात तिच्या वडिलांचा पुण्याहून फोन आला. ते फार सज्जन माणूस, आवाजही चढवायचे नाहीत. पुढच्या तपासणीपर्यंत वजन वाढलं नाही तर ते तिला घेऊन जाणार होते. पुण्यात तिची मावशी होती, मोठं हॉस्पिटल होतं.

तसं पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. पण आई नसलेल्या पोरीचं माहेर कुठलं, म्हणून ते मीच करायचं असं मी लग्नातच बोलून बसले होते. बाळंतविडा मी आणून ठेवला होता, जुनी लुगडी धुऊन दुपटी शिवली होती. फोन ठेवल्यावर मी हर्षदाकडे गेले. ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती.

“तुला जायचंय का पुण्याला?”

तिने दोरीवरच्या कपड्याची घडी नीट केली. “तुम्ही म्हणाल तसं. दोन्ही चालेल.”

मला रडूच कोसळलं असतं. जायचंय म्हणाली असती तरी सोसलं असतं. राहायचंय म्हणाली असती तर मी गल्लीत साखर वाटली असती. दोन वर्षं एका घरात राहून ह्या पोरीला माझ्याकडे काहीच मागावंसं वाटत नव्हतं, ना पदार्थ, ना मी. मी आत जाऊन उगाच डबे घासले.

तेव्हापासून ते चायनीज माझ्यासाठी पदार्थ राहिलं नाही. तिने तोंडाने मागितलेली ती एकच गोष्ट होती आणि ती मला जमत नव्हती.

मग मी सगळं सोडून सॉसच्या मागे लागले. ह्यांना घेऊन स्टँडवर गेले आणि गाडीसमोरच्या बाकावर बसून, सांगलीच्या गाडीची वाट बघतोय असं दाखवत, तो माणूस काय करतो ते बघितलं. झाकण नाही, हे एक कळलं. जाळ मोठा आणि हात थांबवायचा नाही, हे दुसरं. आणि कढईत पहिल्यांदा तेलावर लाल मिरचीचं वाटण पडतं, ते लसणाबरोबर खमंग झालं की मग बाकीचं. ह्यांच्या ओळखीचे ड्रायव्हर-कंडक्टर येऊन वहिनी कुठे निघालात म्हणून विचारत होते आणि हे गंभीर चेहऱ्याने चीनला म्हणून सांगत होते.

येत्या रविवारी करायचं ठरवलं. ब्याडगी मिरच्या बिया काढून गरम पाण्यात भिजत घातल्या. ती मिरची रंगाची, तिखट नसते, तेव्हा माझ्याच नियमात बसत होती. कोबी, गाजर, कांदापात, ढोबळी मिरची उभी चिरून ठेवली. शेवया उकडून, तेलाचा हात लावून पसरून ठेवल्या. वाटीत सोया सॉस, व्हिनेगर, साखर, कॉर्नफ्लोरचं पाणी. सगळं मांडलं, मिरच्या मिक्सरमध्ये घातल्या, बटण दाबलं आणि वीज गेली.

तेव्हा भारनियमनाचे दिवस होते. एकदा गेली की दुपार घेऊन जायची. पाटा-वरवंटा मी दोनच महिन्यांपूर्वी गुरववहिनींना देऊन टाकला होता आणि त्या दार लावून माहेरी गेल्या होत्या. रणजित म्हणाला, राहू दे, उद्या कर. बाहेर हर्षदा ताट मांडून बसली होती, बसायला सांगितलं म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी होती.

मी फडताळ उघडलं. वर, मागच्या बाजूला, चटणीची बरणी होती.

मी इकडेतिकडे बघितलं. नियम माझाच होता, त्यामुळे मोडताना बघणारं कुणी नसलेलं बरं. तेल कडकडीत तापवलं, ठेचलेला लसूण घातला, तो तांबूस होताच कढई खाली घेऊन चमचाभर चटणी सोडली, म्हणजे जळायची नाही. अंदाजाने आणखी अर्धा. वास असा उठला की हे भोंग्यासकट दारात आले. मी त्यांना डोळ्यांनीच परत पाठवलं. मग जाळ मोठा करून भाज्या टाकल्या, हात थांबवला नाही, ताटाकडे बघितलंसुद्धा नाही. वाटीतला सॉस ओतला, तो क्षणात दाटला आणि लालसर-काळा होऊन भाज्यांना चिकटला. वर शेवया घालून उलटसुलट केल्या.

हर्षदाने पहिला घास घेतला आणि थांबली. ताटाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. उष्ण पडलं, ओळखलं, आता उठते की काय, असं मला झालं. तिने मान खाली घातली आणि खायला लागली. नाक पुसत खाल्लं, कपाळावरचा घाम पदराने टिपत खाल्लं. शेवया संपल्या तेव्हा ताटाला राहिलेला सॉस तिने बोटाने निपटून काढला. इतके दिवस सारवलेलं दिसणारं ताट त्या दिवशी घासल्यासारखं स्वच्छ होतं.

“कसं झालंय?” मी विचारलं.

“छान झालंय,” ती म्हणाली. “उरलंय का?”

नव्हतं उरलं. हे आणि रणजित आपापल्या ताटात तोंड घालून बसले होते. मी ह्यांचं ताट पुढून ओढून तिच्यासमोर ठेवलं. ह्यांनी लग्नानंतर प्रथमच माझ्याकडे तक्रारीच्या नजरेने बघितलं.

दुसऱ्या दिवशीच्या काट्यात काही फरक पडला नसणार, पण मी डॉक्टरीणबाईंना छातीठोकपणे सांगितलं की पोरगी खायला लागली, तुम्ही पुढच्या वेळी बघा. तिच्या वडिलांनाही तसाच फोन करून आणखी एका तपासणीपर्यंत थांबवलं. आणि ती खरंच खायला लागली. मी सॉसच बरणीत भरून ठेवला. भाताला सॉस, अंड्याला सॉस, एकदा तर तिने तो पोळीबरोबर खाल्ला आणि मला ते चीनमध्ये चालतं की नाही ठाऊक नसल्यामुळे मी गप्प बसले. चटणीबद्दल मी कुणाला चकार शब्द सांगितला नाही. गुरववहिनी सॉसची कृती मागून थकल्या. मी त्यांना व्हिनेगरवर लक्ष ठेवा असं काहीबाही सांगायची. गल्लीत माझ्या चायनीजचं नाव झालं आणि मी ते होऊ दिलं.

बाळंतपण तासगावातच झालं. मुलगी झाली. तिचं नाव आम्ही ओवी ठेवलं. तीन किलोंच्या वर भरली, गोबऱ्या गालांची, आणि रडायला लागली की ह्यांच्या भोंग्याची आठवण व्हायची. पुण्याच्या व्याह्यांनी तिला हातात घेतली आणि मला नमस्कार केला. मी चायनीजला मनातल्या मनात नमस्कार केला.

सहा-सात महिने झाले आणि ओवीची लाळ गळायला लागली. थोडीथोडकी नाही. लाळेरं बांधलं की ओलं, बदललं की ओलं. मी दिवसभर लाळेरी वाळत घालायची. गुरववहिनी एकदा गॅलरीतल्या त्या दोरीकडे बघून गोड आवाजात म्हणाल्या, “शालनवहिनी, सुनंचं डोहाळं राहिलं जणू.”

माझ्या ते जिव्हारी लागलं. साऱ्या गल्लीने ज्याचा वास घेतला ते डोहाळे राहिले कसे? तरातरा आत आले. हर्षदा ओवीला मांडीवर घेऊन बसली होती.

“खरं सांग,” मी म्हटलं. “मी एवढा आटापिटा केला, तरी ही पोर गळतीय. तुला आणखी काय खावंसं वाटत होतं?”

मला वाटलं, आता पुन्हा ते चालेल येतंय. मग ती हळूच हसली.

“आई, मला चायनीज नकोच होतं.”

मी खालीच बसले.

“तुम्ही नाव घे म्हणालात. मला मागायची सवय नव्हती हो. होस्टेलमध्ये मागून काही मिळायचं नाही. आदल्या दिवशी स्टँडवर ती गाडी बघितली होती, तेच तोंडात आलं. म्हटलं, हे काही ह्या घरात होणार नाही, विषय संपेल. तर तुम्ही काळं पिठलं केलंत.”

“मग खरं काय हवं होतं?”

ओवीची हनुवटी तिने पुसली. माझ्याकडे न बघता म्हणाली, “चटणी.”

“कसली?”

“तुमची. भाकरीवर, वरून तेल. लग्न होऊन आले त्या दिवशी वाढली होतीत ना, तशी. माझ्यासाठी वेगळं ताट करून, समोर बसून असं कुणी वाढलं नव्हतं त्याआधी. त्या चटणीचा वास आला की माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. पण तुम्हीच बरणी वर ठेवली होतीत. उष्ण असते म्हणालात. मग कसं मागणार?”

पोरगी माझ्याच फडताळाखाली बसून उपाशी राहत होती आणि मी स्टँडवर जाऊन चीन शोधत होते.

“आणि त्या रविवारचं?” मी विचारलं. “ते तर ताट चाटून खाल्लंस.”

“पहिल्या घासाला ओळखलं मी,” ती म्हणाली. “म्हणून तर तुमच्याकडे बघितलं. मग म्हटलं, गप्प बसावं. बोलले तर तुम्ही चटणी घालायचं बंद कराल.”

म्हणजे इतके महिने आम्ही दोघी एकमेकींपासून एकच गुपित लपवत होतो. मला हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात. आतल्या खोलीतून ह्यांनी चीनहून येणारी गाडी तासगाव स्थानकात आल्याचं पुकारलं. ह्यांना घरातलं सगळं ऐकू यायचं, फक्त बाजारातून काय आणायचं तेवढं येत नसे.

मी उठले. तवा ठेवला, बाजरीचं पीठ मळलं आणि भाकरी थापली. फडताळातून बरणी काढून ओट्यावर, समोर, हाताला येईल अशी ठेवली. भाकरी फुगली तशी ताटात घेतली, पापुद्रा काढून आत चटणी पसरली, वर तेलाची धार सोडली आणि ताट तिच्यापुढे ठेवलं. ओवीला मी मांडीवर घेतलं. तिची लाळ माझ्या पातळावर गळत होती, आणि पुढे दात येईपर्यंत ती गळतच राहिली, पण त्या दिवशी मी ती पुसलीसुद्धा नाही.

हर्षदाने घास मोडला, खाल्ला, आणि कपाळाला बारीकशी आठी घातली.

“आई,” ती म्हणाली, “तेल कमी पडलंय. आणि भाकरी जरा करपलीय.”

आतल्या खोलीत एकदम शांतता झाली. नणंदेच्या आमटीचं प्रकरण ह्यांना पाठ होतं.

मी ओवीला दुपट्यावर ठेवलं, तेलाची किटली आणून तिच्या भाकरीवर चांगली धार सोडली आणि दुसरी भाकरी थापायला बसले.